सहीपुरता मालक

हे कुणी वाचलंच, तर माझं शुद्धलेखन आणि कोंबडीच्या पायांसारखं अक्षर माफ करा.

बहरीनला तुबलीतल्या आमच्या गॅरेजच्या परवान्यावर कायद्याप्रमाणे एका बहरीनी म्हाताऱ्याचं नाव होतं. दर गुरुवारी तो चार चमचे साखरेचा चहा प्यायचा आणि न वाचता सह्या ठोकायचा. डॉक्टरनं साखर तोडली, तसा रुसून राजीनामाच घेऊन आला. "भाभी, चाय खलास, साइन खलास."

नाव गेलं की गॅरेजला कुलूप. माझा चेहरा बघून म्हणाला, "दूसरा मिलने तक मेरा नाम रखो." दोन महिन्यांनी आपल्या मेहुण्याला पकडून आणलं, मगच स्वतःचं नाव काढलं.

नावाचे नव्या वर्षाचे पैसे त्याला आगाऊ दिले होते. नवरा त्याला म्हणाला, "दो महीने का काट लो, बाकी दे दो."

"दो महीने मैंने क्या किया?" म्हातारा म्हणाला.

आधीच्या सहा वर्षांत काय केलं होतं, ते मी विचारलं नाही. त्यानं सगळे दिनार परत केले.