बेचाळीसचा ब्लाऊज

मी सात वर्षांची असताना आत्या सरगूरला काविळीनं गेली, असं मला घरात सांगितलं होतं. माझी वेणी तीच घालायची. त्यानंतर कितीतरी दिवस मी कुणाला केसांना हात लावू दिला नाही.

गेल्या वर्षी मलेशियातून एका अनोळखी माणसाचा मेसेज आला. ‘मी तुमच्या आत्याचा मुलगा. आई तुमची फार आठवण काढते.’ सोबत फोटो होता. केस पांढरे, पण हनुवटीवरचा तीळ तोच. मी फोन आईला दाखवला. ती बघत राहिली, मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “देवरे, अरे देवा, जिवंत आहे होय ही?” परजातीत लग्न केलं म्हणून आजोबांनीच ती मेल्याचं सांगितलं असणार, असंही म्हणाली. आजोबा केव्हाच गेलेले. त्यांच्यावर रागावणं सोपं होतं.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पहिला पासपोर्ट काढला. चौकशीला पोलीस आमच्या बोगादीच्या घरी आले, त्यांना आईनंच कॉफी दिली. तिनं चटणीपूड केली, आत्यासाठी रेशमी साडी काढली. मी म्हटलं, ब्लाऊज ती तिकडेच शिवून घेईल.

“नको, इथंच शिवून ने. बेचाळीसचा सांग. मागचा चाळीसचा तिला दंडात घट्ट झाला.”

मी साडी खाली ठेवली. “मागचा म्हणजे कधीचा?”

आईनं साडी उचलून घेतली. मग म्हणाली, “तुझ्या अण्णानं पाठवला होता.” अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ.

“अण्णालाही माहीत होतं?”

“तू लहान होतीस, शाळेत बोलून गेली असतीस. मग राहूनच गेलं. आयतु,” ती कानडीत म्हणाली, “झालं ते झालं.”

“आणि त्या दिवशी रडलीस ते?”

ती साडीची घडी घालू लागली.

संध्याकाळी मी आत्याला फोन लावला. “तू मेलीस असं मला सांगितलंय, हे तुला ठाऊक होतं?”

“हो गं,” ती हळूच म्हणाली. “मीच कबूल झाले. नाहीतर तुझे बाबा पत्र लिहायलाही तयार नव्हते. पण त्या पत्रांत तुझं सगळं असायचं. तुझी प्रत्येक इयत्ता मला माहीत आहे.”

हे ऐकून मला बरं वाटेल, असं तिला वाटत होतं. मी फोन ठेवला.

तिकीट रद्द केलं नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. तिला एकदा समोर बसवून बघायचं होतं, एवढंच. निघायच्या दिवशी आई दारात येऊन उभी राहिली. मी वाकेन म्हणून तिनं आशीर्वादासाठी हात थोडा वर केला. मी बॅग उचलली आणि पायऱ्या उतरले.