द्वारकाबाई आणि झुकते पारडे

प्रारंभीच क्षमा मागते. या गौरवग्रंथात ज्यांचे लेख असतील, ती मंडळी द्वारकाबाईंना माझ्या जन्मापूर्वीपासून ओळखतात. त्यांच्या पंक्तीत बसण्याइतके माझे वय नाही आणि अधिकार तर मुळीच नाही. समितीच्या कार्यवाहांना मी तसे दोनदा कळवलेही. त्यांनी तिसरे पत्र पाठवले तेव्हा नकार देणे मला लेख लिहिण्याहून कठीण वाटले, एवढेच या धाडसाचे कारण. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याबाबत माझ्या मनात आज स्पष्टतेपेक्षा गोंधळच अधिक आहे. गौरवलेखात गोंधळाला जागा असते की नाही, हे मला ठाऊक नाही.

बाईंची माझी पहिली भेट झाली ती मी मॅट्रिकला शाळेत पहिली आले त्या वर्षी. माझे वडील मोताळ्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षक. अभिनंदनासाठी बरीच मंडळी घरी येऊन गेली; प्रत्येकाने मी पुढे काय होणार हे सांगितले. बाई तेव्हा दवाखान्यात परिचारिका होत्या. त्या उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"रगत पाहून चक्कर येते काय तुले?"

मी खाली मान घालून "येते" म्हणाले.

"मंग बाजाराच्या दिवशी ये. बसून राह्य माह्यापाशी. जाईन ते."

त्यांनी पेढा घेतला नाही की शाबासकी दिली नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी गेले. चक्कर आली. त्याच्या पुढच्या बाजारी पुन्हा गेले, तेव्हा कमी आली. मी नागपूरला वैद्यकीय शिक्षणासाठी गेले त्याचे श्रेय माझ्या गुणपत्रिकेला दिले जाते. पण गुणपत्रिका रक्ताला भीत होती, ही गोष्ट फक्त बाईंना माहीत आहे.

बाईंच्या कामाची थोरवी इतर लेखक सांगतीलच. अडलेल्या बाळंतिणीपर्यंत त्या पावसाळ्यात कशा पोहोचत, सुया उकळून घेतल्याशिवाय कोणालाही टोचायच्या नाहीत यासाठी त्या कशा भांडत, हे जिल्ह्याला ठाऊक आहे. एका पाटलांची दमणी दाराशी येऊन उभी राहिली असता बाई एका मजुराच्या बाळाची नाळ बांधत होत्या, आणि "दमणीले सांगा, बैल सोडा, चारा टाका" एवढेच आतून म्हणाल्या, ही हकिकत तर पाटील स्वतःच हसून सांगतात. मला त्यांच्या एका निराळ्या योजनेविषयी लिहायचे आहे. तिचा मला लाभ झाला आणि तिच्यामुळेच आज माझी ही अवस्था आहे.

आमच्याकडे तान्ह्या मुलाचे वजन करू देत नाहीत. तोललेल्या पोराला नजर लागते असा समज. म्हणून दवाखान्यात पक्का बसवलेला वजनकाटा धूळ खात पडे. मात्र नवसासाठी मुलाला गुळाने तोलणे शुभ मानतात. बाईंनी या दोन गोष्टी जोडल्या. बाजारात गुळाचा व्यापार करणारे एक वृद्ध शेठजी आहेत. त्यांचा मोठा तराजू बाईंनी मागून घेतला. एका पारड्यात मूल आणि दुसऱ्यात शेठजींच्या दुकानातला गूळ. मुलाच्या आईने घरून आणलेला गुळाचा खडा वर ठेवायचा. तोच तेवढा देवीच्या नावाने वाटायचा. मग पारड्यातला गूळ शेठजी किलोच्या नव्या वजनांनी मोजून मोठ्याने आकडा सांगत. दुकानाचा गूळ परत पोत्यात जाई, आईचा नवस पुरा होई आणि मुलाचे वजन कळे.

बाईंनी बाबासाहेबांच्या मागोमाग धम्म स्वीकारला तेव्हाच नवससायास सोडले होते. मी एकदा भीत भीत विचारले, "बाई, तुम्ही तर नवस मानत नाही ना?"

"मी नाई मानत. पोराची माय मानते ना. लेकरू तिचं हाये, माह्यं थोडीच हाये?"

पदव्युत्तर अभ्यासासाठी बालकांच्या पोषणाचा विषय मी घेतला, तो या तराजूमुळे. महिन्यातून दोनदा मी नागपूरहून रेल्वेने मलकापूरला आणि तिथून मोटारीने मोताळ्याला येई, वजने नोंदवी, आयांना आहाराविषयी सांगे. बाजारात बसले की राहिलेला अभ्यास आठवे. वसतिगृहात पुस्तक उघडले की कोणत्या मुलाला हगवण लागली होती ते आठवे. दोन्हीकडे मी अर्धीच असे. हे बाईंना मी सांगितले नव्हते. तरी एके दिवशी त्यांनी गुळाच्या पोत्यांमागे एक रिकामी पेटी मांडली आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात घोषणा केली, "इथं डॉक्टरीणबाईचा अभ्यास चालू हाये. कोणी हाक मारली तं मी त्याले एरंडेल पाजीन!" तेव्हापासून मी पोत्यांआड बसून पुस्तक वाची आणि शेठजींनी आकडा पुकारला की तो वहीत उतरवी. दुपारी बाई स्वतःच्या फडक्यातली भाकर अर्धी करून माझ्या पुस्तकावर ठेवत. माझ्या दोन पाठ्यपुस्तकांवर त्या तेलाचे डाग अजून आहेत.

मागच्या वर्षी गंगू नावाची बाई आपल्या वच्छीला घेऊन आली. वच्छी वर्षाची होती. माझ्या वहीप्रमाणे तिचे वजन दोन महिने सारखे वाढत होते. बाईंनी तिचा दंड दोन बोटांत धरला आणि गंगूला म्हणाल्या, "आजच्या मोटारीनं बुलढाण्याले ने. मोठ्या दवाखान्यात."

मी वही घेऊन उठले. चारचौघांत बाईंना विरोध करण्याचा तो माझा पहिला प्रसंग. "बाई, वजन तर वाढलं आहे."

"वाढलं असन. दंड पाह्य."

मी वही दाखवली. त्यांनी वहीकडे पाहिले नाही. गंगूच्या हाती त्यांनी चिठ्ठी दिली आणि तिला मोटारीत बसवून आल्या. वच्छी तीन आठवडे इस्पितळात होती, तेथील डॉक्टरांनी आणखी उशीर झाला असता तर काय झाले असते ते गंगूला स्पष्ट सांगितले. वच्छी आज धावते. मी मात्र तेव्हा असा निष्कर्ष काढला की वजनावरून जे कळत नाही ते बाईंच्या अनुभवी बोटांना कळते, आणि प्रबंधात तसे एक वाक्यही लिहिले.

या पौषात बाईंचा उजवा हात सुजला होता. त्या दिवशी गूळ घालण्याचे काम माझ्याकडे आले. मी दांडी अगदी समतल होईपर्यंत एकेक तुकडा घालत होते. मुलाची आजी माझ्याकडे पाहतच राहिली.

"अवं माय! इतकी कंजूशी काऊन करून राह्यली वं? झुकतं टाक ना!"

"झुकतं म्हणजे?"

भोवतालच्या बायका हसू लागल्या. "पहिली आली म्हणते शाळेत!" कोणीतरी म्हणाले. शेठजींनी आपल्या भाषेत समजावले, "बेटी, मन्नत का गूळ बराबर नहीं तोलते. गुळाचं पारडं जमिनीले टेकलं पायजे. म्हणून तं घरचा खडा वरून टाकतात."

"नेहमी?"

"हमेशा."

"खडा काढून मग मोजत असाल ना?"

"नवसाचा गूळ मोजल्याबिगर उचलत नाहीत, बेटी."

मग त्या आजीने आणलेला खडा पदरातून काढला. तो माझ्या दोन मुठींएवढा होता. मी विचारले, एवढा मोठा का? ती म्हणाली, पोरगं महिनाभर आजारी आहे, देवीला जास्तच घालावे लागते.

मी पेटीवर जाऊन बसले. वही उघडली, पण आकडे दिसेनात. दीड वर्षात लिहिलेले प्रत्येक वजन मुलाचे आणि खड्याचे मिळून होते. मूल जितके अशक्त, तितका खडा मोठा. वच्छी वाळत होती आणि गंगू दर खेपेस गूळ वाढवत होती. माझ्या वहीत वच्छी त्या गुळाने वाढली होती.

संध्याकाळी बाजार उठल्यावर मी बाईंना विचारले, "तुम्हांला माहीत होतं?"

"हाव."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलं काऊन नाही? तुह्यी मान वहीतून वर येत होती काय?" मग माझा चेहरा पाहून त्या खाली बसल्या. "मले वाटलं, तुमच्या शास्त्रात गूळ वजा कराची काही रीत असन. येवढी शिकलेली पोर हाये, तिले मी काय सांगू?"

"मग तुम्ही वजन कशासाठी करत होता?"

"वजनासाठी मी नाई करत, माय. त्या निमित्तानं लेकरू माह्या हातात येते."

त्या उत्तराने माझा गोंधळ मिटायला हवा होता. तो वाढला. जे मी शास्त्र म्हणून लिहीत होते ते बाईंना केवळ निमित्त वाटत होते, आणि त्या निमित्ताने मुले वाचत होती. मग चूक कोणाची? चूक तरी झाली का?

नागपूरला मी मार्गदर्शक प्राध्यापकांना सर्व सांगितले. ते सहृदय आहेत. ते म्हणाले, मर्यादा म्हणून एक परिच्छेद घाल आणि प्रबंध दे. फेब्रुवारीची मुदत चुकली तर वर्ष जाईल. परंतु त्यांनीच पूर्वी सांगितले होते की माझे तक्ते आरोग्य खात्याला हवे आहेत. कोणत्या गावांना दुधाची भुकटी पाठवायची ते त्यावरून ठरणार होते. माझ्या तक्त्यात मोताळ्याची मुले उत्तम होती. तक्त्याखालचा परिच्छेद कोण वाचतो?

मी बाईंकडे गेले. मला वाटत होते, त्या मला सत्याच्या बाजूने उभे राहायला सांगतील. त्या म्हणाल्या, "देऊन टाक. डिग्री हाती आली का मोठी ऑफिसरीण होशील. मंग धाड दहा काटे इकडे."

"आणि भुकटी?"

त्या सुजलेला हात चोळू लागल्या. "ते मले समजत नाई," त्या म्हणाल्या. बाईंच्या तोंडून हे वाक्य मी त्यापूर्वी कधी ऐकले नव्हते.

अखेरीस मी प्रबंध न देण्याचे ठरवले. हे लिहिताना मला स्वतःचा मोठेपणा सांगायचा नाही. मी ते प्रामाणिकपणाने केले की परीक्षकांसमोर उभे राहण्याच्या भीतीने, हे मलाच उलगडलेले नाही. बाईंना कळवले तेव्हा त्या संतापल्या. "एक साल घालवलं तुह्यं! गुळापायी!" त्या दिवशी त्यांनी मला भाकर दिली, परंतु एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या आयुष्यात इतके कठीण जेवण दुसरे झाले नाही.

पुढच्या खेपेस मी महाविद्यालयातून स्प्रिंगचा काटा मागून आणला. त्याला मूल टांगायचे कसे, ही नवीच अडचण. बाईंनी पिशवीतून एक झोळी काढली. आपले पांढरे धुवट लुगडे दुहेरी करून, कडा शिवून, चारही टोकांना गाठी मारून त्यांनी ती घरीच तयार केली होती, दुखऱ्या हाताने. बायका झोळीपाशी येईनात. "गुळाबिगर तोलता काय? नजर लागन," असे म्हणून दोघी निघाल्याही. तेव्हा बाईंनी सर्वांना थांबवले. आधी पहिल्यासारखे गुळाचे पारडे, पहिल्यासारखे झुकते. ते झाल्यावर मूल उचलून झोळीत.

"आता हा कायचा नवस, नर्सबाई?" एकीने विचारले.

"हा डॉक्टरीणबाईचा," बाई म्हणाल्या. "तिची देवी झुकतं घेत नाही."

बायका हसल्या आणि रांग लागली. बाईंनी प्रत्येक मुलाचा दंड पूर्वीसारखाच दोन बोटांत धरून पाहिला. मग मला जवळ उभे करून माझी बोटे त्या दंडावर ठेवली आणि म्हणाल्या, "आकडा नंतर लिह्य." पोत्यांमागची पेटी तशीच होती, मी त्या दिवशी तिच्यावर बसले नाही.

बाईंची साठ वर्षे पुरी झाली, असे त्यांच्या सेवापुस्तिकेवरून समितीने ठरवले आहे. बाई म्हणतात, कारकुनाने अंदाजाने लिहिलेली ती तारीख, खरी कोणालाच माहीत नाही. त्यांचे वय काहीही असो. त्यांचा हात लवकर बरा व्हावा, त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभावे, आणि ज्या बायका आज त्यांच्या हाती मुले देतात त्यांच्या नातवंडांचेही दंड त्यांनी तपासावेत, अशी माझी मनापासून प्रार्थना आहे. त्या मला चुकीचे सांगत होत्या की मी त्यांचे चुकीचे ऐकले, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. तो करण्यासाठी मला त्यांच्याजवळ आणखी पुष्कळ बाजार उभे राहावे लागेल, आणि तेवढे बाजार त्यांनी मला द्यावेत.

नागपूरला प्रबंध स्वीकारण्याची आज शेवटची मुदत होती, दुपारी चारपर्यंत. बाजारातून उठून, गुळाने चिकट झालेल्या हातांनी या लेखाचे पाकीट टपालात टाकते आहे. कागदावर डाग दिसल्यास समितीने क्षमा करावी.

कु. निर्मला
मोताळा, दिनांक १७ फेब्रुवारी १९६५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे