उन्मेषची कोठी

उन्मेष धापोडकर हा माणूस मला सुरुवातीला अजिबात आवडत नसे, हे आधीच सांगून टाकते. गांधीबागेतल्या सोनकुसऱ्यांच्या कापड दुकानात तो कम्प्युटरचं सगळं बघतो आणि मी गल्ल्यावर बसून बिलं करते. आमचं दुकान लग्नाच्या बस्त्याचं. म्हणजे उमरेड-काटोलकडून अख्खं कुटुंब गाडी करून येतं, गादीवर मांडी ठोकून बसतं आणि नवरीच्या शालूपासून नवरदेवाच्या मावशीच्या लुगड्यापर्यंत सगळं एका बैठकीत घेऊन जातं. अशा ठिकाणी माणसानं हसावं, चार शब्द बोलावे. उन्मेष यायचा, स्क्रीनकडे बघायचा आणि म्हणायचा, "याच्यात फालतूचं बहुत भरलं हाय. काढा लागते."

बरं, हे तो फक्त कम्प्युटरबद्दल म्हणत नसे. माझा ड्रॉवर, माझी पर्स, एकदा तर माझा डबासुद्धा त्याच्या नजरेत आला. मी त्याला माझ्या नणंदेच्या लग्नातला एक किस्सा रंगवून सांगत होते, तर मध्येच म्हणाला, "पिंकीताई, हे मागच्या वर्षी सांगतलं तुम्ही." सांगितलं असेल. म्हणून काय पुन्हा सांगू नये? त्याची बायको करिष्मा कधी बेस्याच्या घरून दुकानात आली की माझ्याजवळ मन मोकळं करते. "चार दिवस माहेरी गेली होती, ताई. परत आली त माह्या चपला माळ्यावर! म्हणे, वापरात दिसून नाही राहिल्या."

आमचे मालक आनंदराव म्हणजे याच्या बरोबर उलट. दुकानात कम्प्युटर आला तेव्हापासूनचं एकूण एक बिल त्यांनी त्यात जपून ठेवलेलं. जुनं गिऱ्हाईक पायरी चढलं की ते छाती फुगवून म्हणायचे, "तुमच्या मोठीच्या लग्नात काय नेलं होतं, सांगू का?" आणि खरंच वाचून दाखवायचे, कोणती साडी कुणासाठी तेसुद्धा. बस्त्याच्या धंद्यात याला किंमत असते. थोरल्याच्या लग्नात आत्याला जी साडी दिली, तिच्यापेक्षा हलकी धाकट्याच्या लग्नात दिली की आत्या जेवणाच्या पंगतीतून उठते आणि पुढची कितीतरी वर्षं बसत नाही.

पण या जपणुकीची शिक्षा भोगत होते मी. धरमपेठेत दुसरं दुकान उघडलं, तेही त्याच सॉफ्टवेअरला जोडलं, आणि सॉफ्टवेअरनं बैठक मारली. मी बटण दाबलं की स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागायचं. उन्हाळ्याचे दिवस, दारात गाडी उभी, गाडीत नवरदेवाचा बाप हॉर्न वाजवतोय, आणि इकडे चक्र फिरतंय. एक बाई म्हणाली, "बिल निघेपर्यंत माह्यं लेकरू झोपलं अन् उठलं बी." सगळे मलाच बोलायचे. चक्राला कोण बोलणार?

शेवटी उन्मेषनं मालकांसमोर विषय काढला. जुनी, पुरी झालेली बिलं रोजच्या कामातून काढून वेगळ्या जागी ठेवायची, म्हणजे रोजचं काम पळेल. आनंदराव असे बघत राहिले, जणू याने देव्हाऱ्यातले देव मागितले.

"म्हंजे माह्ये जुने गिऱ्हाईक फेकून देतं?"

"फेकत नाही, काका. वर्षाचे गहू तुम्ही स्वयंपाकघरात पसरून ठेवता का? कोठीत ठेवता. लागले का काढता. तसंच."

'कोठी' म्हटल्यावर आनंदरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. पण ते व्यापारी. त्यांनी सगळ्यांसमोर अट घातली, "एक बी गिऱ्हाईक जुन्या बिलापायी माह्या दुकानातून उठून गेलं, नाही त ताटकळलं, त सगळं परत आणशीन. अन् तू गादीवर बसून साड्यांच्या घड्या करशीन." आनंदराव अशा बाबतीत मस्करी करत नाहीत. त्यांनी स्वतःच्या भाच्याला घड्या करायला बसवलं होतं. तो अजून तिथंच आहे.

पावसाळाभर उन्मेष त्या कामात बुडाला. कुणाचा व्यवहार पुरता संपलाय, कुणाचा माल न्यायचा बाकी आहे, कुणाचा शालू फॉल-पिकोला जाऊन परत आलाच नाही, सगळं तपासायचं आणि मगच हलवायचं. हिशेबनिसाला कर भरायला जे लागतं त्याला हात नाही. जे कोठीत टाकलं ते पुन्हा तिथून काढून बघायचं, नीट निघतं की नाही. माझा स्वभाव तापट, पण या माणसाची चिकाटी बघून मीसुद्धा गप्प बसले. काम झाल्यावर त्यानं मला बटण दाबायला सांगितलं. मी बोट उचलायच्या आत बिल बाहेर! त्या दिवशी मी त्याला माझ्या डब्यासकट, किस्स्यासकट सगळं माफ केलं आणि हल्दीरामकडून संत्रा बर्फी आणून खाऊ घातली.

मग तुळशीची लग्नं लागली आणि आमचा सीझन सुरू झाला. एका दुपारी उमरेडकडचे रुपराव धाकट्या मुलाच्या बस्त्याला सहकुटुंब आले. सगळे गादीवर बसले. त्यांची थोरली बहीण रंभाबाई मात्र उभी.

"बसा ना बाई," आनंदराव म्हणाले.

"बसत नाही. सौरवच्या लग्नात मले हलकी साडी देल्ली अन् या भागीरथाले भारी. आधी ते पाहा. तसं निघालं त मी बस्त्याले बी नाही अन् लग्नाले बी नाही."

सौरव म्हणजे रुपरावांचा थोरला. त्याच्या लग्नाला इतकी वर्षं झालेली की त्याची पोरं आमच्या गादीवर कोलांट्या मारत होती. धाकटी बहीण भागीरथाबाई कळवळून म्हणाली, "सारख्याच होत्या वं बाई, काहून खोटं बोलतं?" रुपराव रुमालानं मान पुसत राहिले. उठलेलं गिऱ्हाईक ओढायला समोरच्या दुकानाचा माणूस आमच्या दारात नजर लावून उभाच होता.

आनंदराव खुशीत आले. हा तर त्यांचा आवडता खेळ. "उन्मेष, सौरवच्या लग्नाचं बिल काढ. आमच्या कोठीत सब हाय!"

उन्मेषची खुर्ची माझ्या शेजारीच. त्यानं बटण दाबलं आणि बिल क्षणात समोर आलं. मी वाकून पाहिलं. रंभाबाईंचं खरं होतं. भागीरथाबाईंना अस्सल रेशमी, जरीकाठाची. रंभाबाईंना आम्ही जिला वाटपाची साडी म्हणतो ती, सोयऱ्याधायऱ्यांना गठ्ठ्यानं द्यायची असते तसली. सख्ख्या थोरल्या बहिणीला! माझं डोकंच फिरलं. मी ओरडून सांगणारच होते.

उन्मेषनं एकदा रुपरावांकडे पाहिलं. त्यांचा रुमाल आता पार भिजला होता. मग त्यानं स्क्रीन हळूच भिंतीकडे वळवली आणि मोठ्यानं म्हणाला, "येऊन राहिलं, काका. जुनं हाय, टाइम लागते."

मी स्टुलावरून पडायचीच बाकी होते. आपल्या कामाला कुणी हळू म्हटलं तर जेवण न जाणारा हा माणूस, भर दुकानात मालकासमोर स्वतःच सांगत होता की माझी कोठी रखडते. आनंदरावांच्या भुवया वर गेल्या. गादीवर घड्या करणाऱ्या भाच्यानं शेजारची जागा झटकली असावी, असं मला वाटलं.

चहा आला. चहा उभ्यानं पिणं बरं दिसत नाही म्हणून रंभाबाई गादीच्या कडेला टेकल्या. "आलं का गा?" "येऊन राहिलं." पोरांनी आणखी कोलांट्या मारल्या. "आलं का?" "येऊन राहिलं, बाई." दर वेळी रुपराव त्या स्क्रीनच्या पाठीकडे असे बघायचे, जणू तिथून पोलीस निघणार आहे. शेवटी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"राहू दे रे बाबू, बंद कर ते. बाई, मीच सांगतो. तुही साडी हलकीच होती. म्याच घेतली होती."



"काहून?" रंभाबाईंनी विचारलं.

"या भागीरथाले हलकी देल्ली असती त हिनं सासरी बोंब केली असती. तू काही म्हणत नाहीस. तू आपली, समजून घेशीन, असं वाटलं मले."

रंभाबाईंनी कप बाजूला ठेवला. "म्हणत नाही म्हणून मले दुखत नाही का गा?"

 भागीरथाबाईंनी पदरानं डोळे पुसले. खरं सांगते, मी उगाच नोटांचा गठ्ठा सरळ करत बसले. माझ्या घरात मी थोरली आहे.

मग रंभाबाई म्हणाल्या, "त्या कम्प्युटरच्या डब्यानं सांगतलं असतं त मी अशीच्या अशी उठून गेली असती. तू सांगतलं. दाखवा आता साड्या." आणि पाय वर घेऊन त्या गादीवर नीट बसल्या. त्यानंतर त्यांनी एकेका साडीत अशा खोड्या काढल्या की नवरीचा शालू त्यांच्या साडीआधी ठरला.

आनंदराव मात्र तडक गल्ल्याशी आले. आवाज दाबून उन्मेषवर बरसले, "एका बिलाले एवढा टाइम? गिऱ्हाईक ताटकळलं का नाही माह्यं? आण सगळं परत! अन् उद्यापासून गादीवर."

 पावसाळाभराची मेहनत पाण्यात चालली होती आणि उन्मेष दगडासारखा बसलेला. मला काही ते सहन होईना. मी हात लांब केला आणि स्क्रीन मालकांकडे फिरवली. "हे घ्या. बटण दाबल्याबरोबर आलं होतं. मी पाहिलं हाय."

आनंदरावांनी चष्मा लावला. एक ओळ वाचली, दुसरी वाचली. मग गादीकडे पाहिलं. तिथं भागीरथाबाई रंभाबाईंच्या खांद्यावर एक जांभळी साडी लावून बघत होत्या. तेवढ्यात रंभाबाईंनी तिथूनच हाक मारली, "सेठजी, आलं का जी ते बिल? किती हलकी होती, ते त पाहू."

आणि माझ्या डोळ्यांदेखत आमचे आनंदराव, जे आजवर एक चिठ्ठी विसरले नाहीत, पोट पुढं करून त्या स्क्रीनच्या आडवे उभे राहिले.

"नाही आलं, बाई. बहुत जुनं हाय."

"मंग राहू द्या कोठीतच," रंभाबाई म्हणाल्या आणि पुढची साडी ओढली.

आनंदरावांनी मागं न बघता हात नेऊन स्क्रीन बंद केली. "ऐकलं ना," ते उन्मेषला म्हणाले, "बाई काय म्हणून राहिल्या? राहू दे सगळं कोठीतच."