विजूने शपथ मोडली नव्हती

विजू दारू पीत नव्हता. हे एवढंसं वाक्य मला पक्कं ठाऊक होतं आणि आजवर मी ते कुणालाही सांगितलं नाही. महिन्याभरापूर्वी तो गेला. इस्पितळात डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना विचारलं, "किती वर्षं पीत होते?" काय काम करायचे, हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही. आणि मी, त्याच्या कारखान्याचा सुपरवायझर, बाजूलाच उभा होतो.

चिंचपोकळीच्या गाळ्यात आम्ही स्टिकर छापायचो. विजू छपाईच्या स्क्रीन थिनरने धुवायचा, शेवटी हातही त्यानेच. ओल्या छपाईवर धूळ बसते, माल परत येतो, म्हणून शेठने पंखा काढला, खिडक्या बंद करायला लावल्या. फटींना पट्ट्या मारल्या त्या मी. वासावर उपाय काय, तर संध्याकाळी गुळाचा खडा! माणूस आतून जळाला तरी चालेल, शेठचे स्टिकर चकचकीत निघाले पाहिजेत. माझी केबिन काचेची होती, एसीची.

सुटल्यावर विजू चाळीच्या जिन्यात झुलायचा, जीभ अडखळायची. पोरं ओरडायची, "काका, आज कुठली?" "थिनर रे, देशी!" तो हसून सांगायचा. पुढे सुटीच्या दिवशीही हात थरथरायला लागले, सख्ख्या मुलीचं नाव आठवेना. तेव्हा वहिनींनी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला, मला साक्षीला बोलावलं. "हात ठेवा आणि शपथ घ्या." थेंबही न घेतलेल्या माणसाने दारू सोडल्याची शपथ घेतली. मग माझ्याकडे बघून पुटपुटला, "सोपी आहे रे. मोडायची भीतीच नाही."

दुसऱ्याच संध्याकाळी तो पुन्हा झुलत आला. वहिनींनी मला गाठलं. "भावोजी, खरं सांगा. हे म्हणतात, थिनरने झालं. थिनरने माणूस असा होतो?" विजू माझ्या तोंडाकडे बघत होता. नोकरी माझीही होती... मी म्हणालो, "मीही तिथेच असतो, वहिनी. मला तर काही होत नाही."

त्यानंतर विजूने स्वतःची बाजू कधीच मांडली नाही.

तो नेमका कशाने गेला, ते डॉक्टर जाणोत. पण त्यांना थिनरबद्दल सांगायला तरी हवं होतं ना कुणी? तेराव्याला वहिनी म्हणाल्या, "देवाची शपथ मोडली, भावोजी. दुसरं काय होणार?" नारळ अजून देव्हाऱ्यात आहे, लाल फडक्यात बांधलेला. हे असं पेपरात लिहिणं सोपं. त्या नारळासमोर उभं राहून वहिनींना तोंडावर सांगायचंय : शपथ विजूने मोडली नाही, खोटं मी बोललो. एवढं माझ्याकडून अजून बाकी आहे.