बाल्कनीचं दार आणि बाबांचा चहा

मंडळी, आज सकाळी आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये सासूबाई चक्क बाल्कनीत अडकल्या!

बाल्कनीच्या सरकत्या दाराची प्लास्टिकची पट्टी उन्हाने तडकली होती. "त्याला माणूस कशाला बोलवायचा?" म्हणत सासऱ्यांनी ती गोंदाने चिकटवली आणि घट्ट बसावी म्हणून दार लावून टाकलं. पट्टीसोबत दारही चिकटलं. आई बाहेर कुरडया वाळत घालत होत्या.

मी ब्लेडने गोंद खरवडत बसले. बाबा कधी नव्हे ते गॅसपाशी गेले आणि स्वतः केलेला चहा त्यांनी खिडकीतून आईंना दिला.

शेवटी दार सरकलं. "आई, या आत."

"थांब गं," रिकामा कप बाबांपुढे धरत त्या म्हणाल्या, "अजून एक घेते. आत आले की मलाच करावा लागेल."

आता सांगा, दाराची दुसरी पट्टीही बाबांनाच चिकटवायला लावू का?