दर्भाचा कावळा

थोरल्या भावाला आणि मला सुपरहिरोंच्या कॉमिकचं वेड होतं. लोहाऱ्याच्या एसटी स्टँडवर जुनी कॉमिक मिळायची. पण हिरो मेला आणि पुढच्या अंकात "मेला तो त्याचा जुळा होता" असं निघालं, की भाऊ चिडून कॉमिक माझ्या अंगावर फेकायचा. म्हणायचा, "लिहिणाऱ्याला गुंता सुटंना, की कायबी घुसडतंय."

यंदा तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. चुलत्यांनी त्याच्या लेकरांना सांभाळायचा शब्द दिला, मीही हात जोडून दिला. ऊन चढलं तरी कावळे बाभळीवरून हलेनात. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला, आणि सगळे सुटल्यासारखे उठले. मी त्या गवताकडं बघत राहिलो. असल्या पळवाटेवर भाऊ पेटून उठला असता.

घरी आई उंबऱ्याशी वाट बघत बसली होती.

"शिवला का रं?"

"व्हय, लगेच शिवला."

"मग त्याचं काय राह्यलं न्हाय," आई म्हणाली आणि डोळे पुसून उठली.

मी तिथंच उभा राहिलो. माझ्या अंगावर कॉमिक येऊन पडलं नाही.