पाणपिसवांची आई

डायलिसिसच्या रुग्णांना "या हाताने वजन उचलायचं नाही" हे सांगणं माझ्या कामाचा भाग आहे. सुया घालता याव्यात म्हणून हाताची शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडलेली असते. जड काही उचललं तर ती जागा बंद पडू शकते. बहुतेक जण मान डोलावतात. आम्ही सगळे ज्यांना मामा म्हणायचो, त्या रुग्णाने मात्र विचारलं, "आन् मग माशांचं पाणी कोन बदलायचं, ताई?"

त्यांच्याकडे मासे आहेत हे मला तेव्हा कळलं. सोलापुरातल्या एका इस्पितळात मी ही मशीनं चालवते. मामा दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे आणि चार तास खिडकीजवळच्या खाटेवर पडून राहायचे. ते भवानी पेठेत राहायचे. घरची भाषा तेलुगू. चादरीवर जी नक्षी उमटते तिच्यासाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडायची असतात, ते काम त्यांनी आयुष्यभर केलं. पुढे ते कॉम्प्युटर करायला लागला. मग मूत्रपिंडं गेली. मुली लग्न होऊन लांब गेल्या होत्या. मामी किडनी द्यायला तयार होत्या, पण त्यांनाच साखर निघाली. मामांच्या केसपेपरवर पुढे काय लिहायचं हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

मासे बोटाएवढे होते. नराच्या पाठीवर तुऱ्यासारखे काटे उभे राहायचे आणि शेपटी केशरी होती. मादी त्याच्या निम्म्याने, मातकट रंगाची. मामांनी ती जोडी चेन्नईहून पार्सलने मागवली होती. "ह्यान्ला मऊ पानी लागतंय," ते म्हणाले. "आपलं सोलापूरचं पानी म्हंजे दगड. त्यात अंडी धरत न्हाईत." मग जरा आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुमच्या मशीनचं पानी लई शुद्ध असतंय की. एक कॅन मिळंल का?"

मी नाही म्हणाले. ते पाणी रुग्णांचं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण पुढच्या शुक्रवारी त्यांची पट्टी सोडताना पाहिलं तर हात कोपरापर्यंत सुजलेला. त्यांनी बादली उचललीच होती. "टाकी माझ्याकडे द्या," मी म्हणून गेले. मी आयुष्यात मासे पाळले नव्हते. नवरा होटगीला रेल्वेत आहे. त्याच्या ओळखीच्या रिक्षातून टाकी घरी आली आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून ठेवली.

त्यानंतर चार-चार तास मामा मला शिकवायचे. मी सुया लावायची, रक्तदाब बघायची, दुसऱ्या खाटांकडे जाऊन यायची. परत आले की ते सोडल्या जागेवरून पुढे सुरू करायचे. घरच्या फिल्टरचं पाणी निम्मं, नळाचं निम्मं. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं, नाहीतर त्यातलं क्लोरीन माशांना मारतं. अर्धी फुटकी कुंडी पालथी घालायची, मादी आतून छताला अंडी चिकटवते. गॅलरीत बादलीभर हिरवं पाणी ठेवून त्यात पाणपिसवा वाढवायच्या. टाचणीच्या टोकाएवढे जीव, उड्या मारत पोहतात. माशांना तेच खाणं.

त्यांना दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी होती. ओठ कायम कोरडे असायचे. पाण्याबद्दल बोलायला लागले की ते ओठांवरून जीभ फिरवायचे.

पहिली अंडी मादीने तिसऱ्या दिवशी खाऊन टाकली. दुसऱ्या खेपेची पांढरी पडली, त्यांच्यावर कापसासारखी बुरशी आली. मी सांगितलं की मामा म्हणायचे, "व्हतंय. ती शिकायलीय." मी चिडून म्हटलं, "किती वेळा शिकणार?" त्यावर ते हसले.

गुढीपाडव्यानंतर तिसऱ्यांदा अंडी पडली. मादी हळदीसारखी पिवळी झाली आणि तिने नराला असं पिटाळलं की त्याची शेपटी फाटली. "त्याला भाइर काडा, मारून टाकंल ती," मामा म्हणाले. मी त्याला प्लास्टिकच्या टबात ठेवलं आणि टबावर झाकण घालायचं राहिलं. दोन दिवसांनी वॉशिंग मशीनच्या मागे तो वाळलेला सापडला. हे मी मामांना सांगितलं. तोवर मी त्यांना सगळं खरंच सांगत होते.

पिल्लं मात्र निघाली. आठवड्याने ती पोहायला लागली. तीसेक असतील, पाण्यात जिरं टाकावं तशी. मादी त्यांना घेऊन टाकीभर हिंडायची. तिने अंग थरथरवलं की सगळी खाली वाळूवर बसायची. संध्याकाळ व्हायला लागली की ती त्यांना कुंडीत न्यायची. मागे राहिलेलं पिल्लू तोंडात घ्यायची, आत जाऊन थुंकायची, पुन्हा दुसऱ्यासाठी बाहेर. मी भाकरी थापता थापता बघत राहायची. एकदा भाकरी करपली, तर नवरा म्हणाला, "आता तुलाच डॉक्टरला दाखवायला पाहिजे."

मी मोबाइलवर व्हिडिओ काढून मामांना दाखवला. त्यांनी मोबाइल उजव्या हातात धरला आणि छातीवर ठेवून पुन्हा पुन्हा पाहिला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना दाखवला. जेवणाची गाडी ढकलणाऱ्या मावशींना दाखवला. "ही आमची पिल्लं," ते सांगत होते.

आमच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं, हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला नियम. त्या दिवशी मी कामावर होते, नवरा घरी होता. त्याने हंडे भरले, बादल्या भरल्या, कळश्या भरल्या. टाकीतलं पाणी उन्हाने चार बोटं उतरलेलं दिसलं, म्हणून नळाची नळी त्यातही सोडली.

मी घरी आले तेव्हा तो खूश होता. "तुझ्या माशांनाही ताजं पाणी घातलं."

पिल्लं तळाशी पडली होती. मादी कोपऱ्यात धापा टाकत होती, पण जिवंत होती. मी बादलीतलं मुरलेलं पाणी घातलं, पंप जोरात लावला. एकही पिल्लू हललं नाही. नवरा मागे उभा राहून विचारत राहिला, "काय झालं? माझं काही चुकलं का?" रोज सकाळी कामावर गेल्या गेल्या माझं पहिलं काम पाण्यातलं क्लोरीन तपासणं हे असतं. तपासल्याशिवाय एकही मशीन सुरू करत नाही, कारण क्लोरीन रक्तात गेलं तर माणसालाही सोडत नाही. वीस वर्षं हे करणाऱ्या बाईने घरात टाकीवर एक चिठ्ठी लावली नव्हती. नवऱ्याला कधी सांगितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. अंगात पाणी साठून मामांचं वजन जास्त भरलं, श्वास लागत होता. "कशी हायेत?" त्यांनी विचारलं.

"बरी आहेत," मी म्हटलं.

शुक्रवारीही तेच. मग एका सकाळी टाकीत पाणपिसवा सोडल्या आणि बघितलं तर मादी पुन्हा पिवळी झालेली. ती पिसवांच्या झुंडीभोवती फिरत होती. एकीलाही खात नव्हती. लांब गेलेली पिसू तोंडात घेऊन झुंडीत परत सोडत होती. अंग थरथरवत होती. पिसवा ऐकत नव्हत्या, आपल्या उड्या मारत होत्या. क्षणभर मला वाटलं, पिल्लं वाचली. डोळे जवळ नेले तेव्हा कळलं.

मी त्याचा व्हिडिओ काढला. मंगळवारी मामांच्या हातात मोबाइल देताना म्हटलं, "बघा, केवढी झाली."

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग मोबाइल परत देत म्हणाले, "छान हायेत." आणि डोळे मिटून घेतले.

शुक्रवारी मी सुई लावत असताना ते हळूच म्हणाले, "ताई, पिल्लं असली उड्या मारत न्हाईत."

माझे हात थांबले.

"लावा लावा, सुई लावा," ते म्हणाले. "माझ्याकडं बी आधी एकदा झालतं तसं, दुसऱ्या जातीच्या माशांत. पिल्लं गेली आन् मादी पिसवा राखत बसली. आठ दिस. मग सोडून दिलं तिनं."

मी नवऱ्याचं नाव न घेता सगळं सांगितलं. चूक माझी म्हणून सांगितली, आणि ती होतीच. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "तुमी मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"व्हय," ते म्हणाले. "डॉक्टर बी असंच करत्यात."

त्यानंतर आम्ही माशांबद्दल बोललो नाही. मी एकदा विचारलं, दुसरा नर मागवू का? ते म्हणाले, "कशाला." आषाढात त्यांनी एक शुक्रवार चुकवला. फोन केला तर मामी म्हणाल्या, दमलेत, मंगळवारी येतील. मंगळवारी आले ते सुजून. मी समजावलं, डॉक्टर ओरडले. मामा सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणाले आणि नंतर पुन्हा दोन वेळा आले नाहीत. तिसऱ्या वेळी मामींचाच फोन आला, मामा गेले म्हणून. खिडकीजवळची खाट त्याच आठवड्यात दुसऱ्या रुग्णाला गेली. यादीत लोक थांबलेलेच असतात.

मी मामींना भेटायला भवानी पेठेत गेले. गल्लीत माग चालू होते, त्या आवाजात मोठ्याने बोलावं लागत होतं. मामींनी चहा ठेवला. भिंतीजवळ टाकीची रिकामी जागा होती, तिथे आता धान्याचा डबा होता.

"तुमचं लई सांगायचे," मामी म्हणाल्या. "दवाखान्यातनं आले की पयलं माशांचंच. पिल्लं एवढी झाली, तेवढी झाली. परवा परवा सांगत हुते, नरांच्या शेपटीला रंग आलाय म्हून."

मी कप खाली ठेवला. मामांनी त्यांना सांगितलंच नव्हतं. चैत्रात मेलेली पिल्लं ते आषाढापर्यंत रोज थोडी थोडी वाढवत राहिले होते.

"आता केवढी झाली असतील?" मामींनी विचारलं.

मी बोट पुढे केलं आणि अंगठ्याने अर्ध्यावर खूण केली. "एवढी."

"व्हय का?" त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले. "येते एकदा बघायला."

"या की," मी म्हटलं.

त्या अजून आल्या नाहीत. आल्या तर काय दाखवायचं मला माहीत नाही. मादी गणपतीच्या आधीच गेली.